नातवंडासाठी गावच्या गाडीतही कार सीट हवी का? स्वस्त आणि नीट बसणारी दुसरी सीट कशी निवडायची?

दिवाळी आली, उन्हाळ्याची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईत किंवा छत्रपती संभाजीनगरात नोकरी करणारी कुटुंबं बुलढाणा जिल्ह्यातल्या आपापल्या गावी येतात. लोणार तालुक्यातल्या बीबीसारख्या गावात हे चित्र दरवर्षी दिसतं. शहरातल्या गाडीत लेकरासाठी कार सीट असते. पण कुटुंब ट्रॅव्हल्सने किंवा रेल्वेने आलं की ती सीट तिकडेच राहते. मग आजोबांच्या गाडीतून शेगावला दर्शन, लोणार सरोवर, सिंदखेडराजा, मेहकरचा दवाखाना असा सगळा प्रवास आजीच्या मांडीवर होतो.

"दोन-चार दिवसांसाठी दुसरी सीट कशाला?" हा प्रश्न साहजिक आहे. पैशाचाही प्रश्न आहेच. म्हणूनच दुसरी सीट खरंच लागते का, लागत असेल तर कमी खर्चात कोणती घ्यावी आणि ती आपल्या गाडीत बसेल की नाही हे कसं ओळखावं, ते समजून घेऊया.

हा प्रश्न आत्ताच का?

कारण या भागातला प्रवास बदललाय. बीबी जुन्या मुंबई-नागपूर रस्त्यावरचं गाव. आता समृद्धी महामार्गही याच परिसरातून जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईकडचा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. सपाट भागात कारसाठी ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. वेग ६० वरून १२० झाला की धडकेतली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते.

१ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. त्या घटनेचा कार सीटशी संबंध नाही. पण 'आपल्या भागातला रस्ता' म्हणजे कमी धोका, हा समज आता चालणार नाही, हे या भागाने फार जवळून पाहिलंय.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ लोकांचा मृत्यू झाला. त्यातल्या १६ हजार ७१५ जणांनी सीट बेल्ट लावलेला नव्हता, आणि त्यातले जवळपास निम्मे, म्हणजे ८ हजार ३३१, गाडी चालवत नव्हते, प्रवासी होते.

मांडीवर घट्ट धरलं तर?

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळली आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, असं समजा. मांडीवरचं मूल १२ किलोचं आहे. त्याला जागेवर धरून ठेवायला साधारण १७० किलो वजन पेलण्याएवढी ताकद लागेल. तीही अचानक, काही कळायच्या आत. आजी असो वा पैलवान, हे कुणालाच जमणार नाही. याच वेगातली धडक म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, तीन मजली इमारतीवरून पडण्यासारखं आहे.

मोठ्या माणसाने स्वतःचा बेल्ट मुलावरून घेणं तर आणखी धोक्याचं. धडकेत मोठ्या माणसाचं वजन आणि बेल्ट यांच्यामध्ये मूल चिरडतं.

पुढच्या सीटवर मूल बसवणं हा दुसरा धोका. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईतल्या वाशीत कारच्या अपघातात एअरबॅग उघडली आणि पुढे बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा जीव गेला. एअरबॅग मोठ्या माणसाच्या शरीराचा विचार करून बनवलेली असते. लहान मुलाची जागा मागेच. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड असणारी बाळाची सीट तर कधीच लावायची नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अशा सीटच्या वापराने तान्ह्या बाळांचे अपघाती मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात.

कायदा काय म्हणतो?

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १९४-ब आलं. १४ वर्षांखालच्या मुलाला सीट बेल्ट किंवा मुलांसाठीची सुरक्षा सीट न वापरता गाडीतून नेलं तर एक हजार रुपये दंडाची त्यात तरतूद आहे. दुचाकीसाठीही नियम आहे. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा हवा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

कायद्यात 'बेल्ट किंवा सीट' असं म्हटलंय. पण दीड-दोन वर्षांच्या मुलाला गाडीचा बेल्ट बसतच नाही. वरचा पट्टा गळ्यावर येतो, खालचा पोटावर. त्यामुळे या वयात खरा पर्याय सीट हाच उरतो.

दुसरी सीट पहिलीसारखीच महाग हवी का?

नाही. आणि नेमकं इथेच पैसे वाचतात. सीटच्या किमतीत मऊ गादी, फिरणारा तळ, कप ठेवायची जागा, ब्रँडचं नाव असं बरंच काही असतं. रोजच्या गाडीत या सोयी कामाला येतात. गावच्या गाडीतल्या सीटकडून मात्र तीनच अपेक्षा ठेवा. ती प्रमाणित असावी, मुलाच्या वजन-उंचीची असावी आणि त्या विशिष्ट गाडीत घट्ट बसावी. गाडीच्या बेल्टने बसवायच्या साध्या सीट ऑनलाइन साधारण पाच ते दहा हजार रुपयांत मिळतात. त्याच किमतीतली दुसरी सीट तुमच्या गाडीत हलत असेल आणि ही हलत नसेल, तर तुमच्यासाठी हीच चांगली. वीस हजारांची सीट डुगडुगत असेल तर तिचे वीस हजार वाया.

आधी गाडी बघा, मग सीट

खरेदीआधी गावी फोन करा आणि गाडीची मागची सीट तपासून घ्या. हे पाच प्रश्न विचारा.

एक, मागे तीन बिंदूंचा बेल्ट आहे का? म्हणजे खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा. जुन्या गाड्यांत मागे, विशेषतः मधल्या जागेवर, फक्त कमरेचा पट्टा असतो. बहुतेक सीट त्यावर बसवता येत नाहीत.

दोन, आयसोफिक्स आहे का? मागच्या सीटच्या पाठ आणि बैठक यांच्या फटीत हात घातला की दोन लोखंडी कड्या लागतात, तेच हे. ते असेल तर सीट थेट कड्यांना अडकते. नसेल तर बेल्टने बसणारीच सीट घ्यायची. बेल्टने नीट बांधलेली सीटही सुरक्षित असते. फक्त बांधण्यात चुका होण्याची शक्यता जास्त.

तीन, बेल्ट पुरतो का? मागे तोंड करून सीट बसवायला बेल्ट बराच लांब लागतो. छोट्या गाड्यांत तो कधी कधी पुरत नाही. पट्टा पूर्ण ओढून त्याची लांबी मोजून घ्या आणि सीटच्या माहितीपत्रकाशी ताडून बघा.

चार, बकलचा दांडा किती लांब आहे? तो लांब असेल तर बकल सीटच्या कडेवर टेकतं आणि पट्टा कितीही ओढला तरी सैल राहतो.

पाच, मागच्या सीटचं तोंड पुढे आहे ना? काही जीपसारख्या गाड्यांत मागे समोरासमोर बाकं असतात. आडव्या बाकावर कार सीट लावता येत नाही.

मग मूल बघा

वजनानुसार सीटचे गट ठरलेले आहेत. ० ते १३ किलो, ९ ते १८ किलो, १५ ते २५ किलो आणि २२ ते ३६ किलो. अनेक सीट दोन-तीन गटांना चालतात.

मूल दीड वर्षाचं असेल तर ० ते १८ किलोची सीट घ्या. ती आधी मागे तोंड करून आणि नंतर पुढे तोंड करून लावता येते. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. मागे तोंड असेल तर धडकेचा भार पूर्ण पाठीवर विभागला जातो. त्यामुळे सीटची मर्यादा संपेपर्यंत मागे तोंडच बरं. मूल तीन वर्षांचं, १४-१५ किलोचं असेल तर ९ ते ३६ किलोची सीट परवडते, कारण ती पुढे बरीच वर्षं चालते. नुसती बूस्टर गादी मात्र या वयाला घेऊ नका.

स्वस्त आणि धोकादायक यात फरक कसा ओळखायचा?

सीटवर चिकटवलेलं लेबल बघा. त्यावर एआयएस-०७२ हे भारतीय मानक किंवा आर ४४/०४, आर १२९ हे युरोपीय मानक हवं. युरोपीय लेबलवर गोलात 'ई' आणि एक आकडा असतो. काहीशे रुपयांत मिळणाऱ्या कापडी पट्ट्यांच्या 'पोर्टेबल सीट'वर असं लेबल नसेल तर ती गादीच आहे, सुरक्षा सीट नाही.

वापरलेली सीट चालेल का? नात्यातल्या, विश्वासाच्या माणसाची असेल आणि पुढची चारही उत्तरं मिळाली तर चालेल. ती अपघातात सापडलेली नाही ना? लेबल आणि तारीख शाबूत आहे का? सगळे भाग आहेत का? कंपनीने सांगितलेली मुदत संपलेली नाही ना? विदर्भाच्या उन्हात वर्षानुवर्षं बंद गाडीत तापलेल्या प्लास्टिकचा भरवसा धरू नका.

गाडीला मिळालेल्या स्टारचं काय? ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅपमध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी ४९ गुण आहेत. चाचणीत दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढे पुतळे कार सीटमध्ये बसवलेले असतात. म्हणजे पाच स्टारची गाडी असली तरी सीट नसेल तर मुलांच्या नावचे ते स्टार तुमच्या मुलाला लागू होत नाहीत.

सीट आली, आता काय तपासायचं?

तालुक्याच्या ठिकाणी सीट गाडीत लावून बघता येईल असं दुकान सहसा नसतं. म्हणून परत करण्याची सोय असलेली सीटच मागवा, ती थेट गावच्या पत्त्यावर मागवा आणि मुदत संपायच्या आत बसवून बघा.

बेल्ट सीटवरच्या खुणांमधूनच न्या. मागे तोंड असेल तर निळ्या, पुढे तोंड असेल तर लाल. सीटवर गुडघ्याने भार देऊन पट्टा ओढा. मग जिथून बेल्ट जातो तिथे धरून सीट हलवा. एका इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा बांधा, तरीही हलली तर परत पाठवा. मुलाला बसवल्यावर खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत आला तर सैल आहे. हिवाळ्यात जाड स्वेटर काढून पट्टे लावा आणि वरून पांघरूण घाला. उन्हाळ्यात बकल आधी हाताने तपासा, ते चटका बसेल इतकं तापलेलं असतं.

आणि जागेचं काय?

खरी अडचण अनेकदा पैशाची नसतेच. पाचजणांच्या गाडीत सात जण शेगावला निघतात आणि सीट म्हणजे 'एका माणसाची जागा' वाटते. पण ती जागा एका माणसाचीच आहे. तो माणूस दोन वर्षांचा आहे, एवढंच. दोन फेऱ्या होतील, कुणीतरी एसटीने येईल, त्यावर तोडगा निघतो.

सीट गाडीतच बसवलेली राहू द्या. आजोबांना आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला पट्टे लावायला एकदा शिकवा. लेकरू रडलं म्हणून चालत्या गाडीत काढायचं नाही, गाडी थांबवायची, हेही ठरवून टाका. मेहकरच्या दवाखान्यापर्यंत जायचं असो की समृद्धीवरून नागपूरला, नियम एकच ठेवला की मुलालाही त्याची लवकर सवय होते.