ग्रंथालयाची बातमी वस्तीत उशिरा का पोचते?

गडमुडशिंगीतल्या आमच्या अभ्यासिकेत तीन कपाटं, बारा खुर्च्या आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी वीस-बावीस पोरं-पोरी आहेत. मागच्या वर्षी पुस्तकांसाठी मदत मिळण्याची एक संधी आली होती. अर्ज मागवल्याची सूचना तीन व्हॉट्सअॅप ग्रुप फिरून माझ्यापर्यंत पोचली, तेव्हा मुदत संपून अकरा दिवस झाले होते. कार्यालयात गेलो. उत्तर मिळालं, "वेबसाइटवर टाकलं होतं की!" ते खोटं नव्हतं. टाकलं होतं, आम्हीच पाहिलं नव्हतं.

पण मग ज्यांनी वेळेत अर्ज केले, त्यांना कसं कळलं? जुन्या, वजनदार संस्थांचे पदाधिकारी काही रोज वेबसाइट उघडून बसत नाहीत. त्यांना फोन येतो. कुणाचा मेहुणा कार्यालयात, कुणाचा वर्गमित्र मंत्रालयात. पिअर बोर्द्यू यालाच सामाजिक भांडवल म्हणतो, आणि आपल्या देशात हे भांडवल जातीच्या मापानं वाटलं गेलंय. पूर्वी पाणवठाच बंद होता. आज नळ सर्वांसाठी आहे, पण पाणी कधी सुटणार हे ठरावीक घरांनाच आधी कळतं.

देशातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ साली याच कोल्हापूर संस्थानात झाला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. राज्यातल्या उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालयाला मिळणाऱ्या पुरस्काराला बाबासाहेबांचं नाव आहे. नाव आपल्या बापाचं, आणि अर्ज कधी निघाले हे आपल्याच वस्तीला ठाऊक नाही!

यावर एक साधा, फुकटचा उपाय आहे. त्याचं नाव सांगितल्यावर आमची पोरं दचकली: आरएसएस! हसू नका, याचा रेशीमबागेशी काही संबंध नाही. 'रिअली सिंपल सिंडिकेशन' असं ते तंत्र आहे, मराठीत फीड म्हणू. ते घडवणाऱ्यांमध्ये आरन स्वार्ट्झ नावाचा चौदा वर्षांचा पोरगा होता. ज्ञान कुलपात का, असा प्रश्न विचारत पुढं त्यानं लाखो शोधनिबंध उतरवून घेतले. त्याच्यावर खटला भरला गेला आणि तो चालू असतानाच २०१३ मध्ये, २६ व्या वर्षी त्यानं जीवन संपवलं.

फीडचं काम सोपं आहे. फीडलीसारखं एखादं अॅप मोबाइलवर घ्यायचं आणि हव्या त्या वृत्तपत्राचा, संस्थेचा, यूट्यूब चॅनेलचा फीड त्यात जोडायचा. नवीन काही आलं की ते आपोआप तुमच्या यादीत येतं. काय दाखवायचं, काय दडवायचं हे फेसबुक ठरवत नाही. कुणा ग्रुप अॅडमिनच्या मर्जीवरही ते नसतं. ज्या ठिकाणांना फीड नाही, त्यांच्यासाठी गुगल अलर्टमध्ये 'ग्रंथालय अनुदान', 'अभ्यासिका योजना' असे शब्द टाकून ठेवता येतात.

पॉडकास्टही याच फीडवर चालतो. अँटेनापॉडसारख्या अॅपमध्ये रात्री वायफायवर भाग उतरवून ठेवायचा आणि सकाळी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जाताना ऐकायचा. आठ तास मशीनवर उभ्या राहणाऱ्या पोराला वाचायला डोळे उरत नाहीत, कान उरतात.

"अन्याय-अत्याचार सोडून ग्रंथालयाच्या बातम्या कशाला?" असं एका ज्येष्ठ कार्यकर्त्यानं मला विचारलं. आदर राखून उत्तर देतो. २०२१ च्या अखेरीला 'लोकसत्ता'त बातमी आली की बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड छापण्याचं शासनाचं काम रखडलंय. नऊ लाख प्रती छापायच्या होत्या, साडेपाच कोटींच्या आसपासचा कागद घेतला होता आणि छापल्या होत्या ३३ हजार. त्या एका बातमीची मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि ती जनहित याचिका म्हणून दाखल करून घेतली. खंड मिळत नाहीत म्हणून आपण वर्षानुवर्षं चहाच्या टपरीवर हळहळत होतो. जाब विचारला गेला तो एका बातमीमुळं.

दुसरं उदाहरण. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, सुमारे तेरा हजार संशोधनपत्रिका, शासकीय विद्यापीठं आणि महाविद्यालयांसाठी. एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या आपल्या किती मुलामुलींनी याचा लाभ घेतलाय? आणि खासगी महाविद्यालयात शिकणारा आपला पोरगा यातून बाहेर का, हा प्रश्न कुणी विचारला? बातमीच माहीत नसेल तर प्रश्न कुठून येणार?

अर्थात, फीड लावला म्हणजे क्रांती झाली असं नाही. शासनाच्या अनेक संकेतस्थळांवर सूचना आजही स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये पडतात. शोधायला गेलं तर शब्द सापडत नाही. म्हणून दुसरी लढाई शासनाशी आहे. माहितीचा अधिकार कायदा, २००५ चं कलम ४ सांगतं की नागरिकाला अर्ज करावा लागू नये इतकी माहिती प्राधिकरणानं स्वतःहून, ठरावीक काळानं, इंटरनेटसह विविध माध्यमांतून द्यावी. त्याच कलमाच्या आधारे मागणी करू या: ग्रंथालय आणि समाजकल्याण खात्याच्या प्रत्येक सूचनेचा फीड द्या, मजकूर युनिकोड मराठीत द्या. खर्च नगण्य आहे, इच्छा लागते.

तोवर आम्ही एवढं सुरू केलंय. चौघांनी वार वाटून घेतलेत. फीड पाहायचे, ज्यांना फीड नाही ती संकेतस्थळं स्वतः उघडायची, मुदतीची तारीख वहीत लिहायची. रविवारी विहारात वंदनेनंतर पाच मिनिटं त्या बातम्या वाचून दाखवायच्या. धाकट्या बहिणीनं त्याचंच मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलंय. शेतमजुरीला जाणाऱ्या मावश्या ते ऐकतात आणि घरी पोरांना विचारतात, "फॉर्म भरलास का?"

पहिल्या महिन्यात एकच अर्ज गेला. पण मुदतीच्या नऊ दिवस आधी गेला. मंजूर होईल का, ते पाहू. नामंजूर झाला तर कारण लेखी मागू. निदान "आम्हाला कळलंच नाही" हे वाक्य आमच्या अभ्यासिकेपुरतं संपलंय. तुमच्या वस्तीत ते कधी संपवताय?

जय भीम!