कडुनिंबाचे जेल आणि ब्रशचे श्रेय
हिरड्यांच्या दाहावर वनस्पतिजन्य जेल गुणकारी ठरते काय, याचे उत्तर चाचणीच्या रचनेत दडलेले आहे. दात घासणे थांबविल्यास दोन-तीन आठवड्यांत हिरड्या सुजतात आणि स्वच्छता सुरू होताच पूर्ववत होतात, हे हाराल्ड लो यांनी १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये दाखवून दिले. म्हणजे औषधाविनाही गुण येतो!

मणिपालच्या संशोधकांनी कडुनिंबाच्या पानांच्या अर्काचे जेल ३६ पुरुषांवर सहा आठवडे तपासून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दातांवरील प्लाकचा थर घटला. तुलनेसाठी क्लोरहेक्सिडिन होते. त्याने दातांवर डाग पडतात, चवही बिघडते. पर्याय त्यामुळेच हवा. मात्र अर्काविना बनविलेले जेल लावणारा गट सोबत नसेल, तर श्रेय वनस्पतीचे की ब्रशचे, हे ठरणार कसे? त्यातून कडुनिंबाची चव लपविणे तर महाकठीण.