पांढरे औषध आणि ठसका

गिळणे ही क्रिया आपण दिवसातून शेकडो वेळा करितो आणि तिची दखल कधीच घेत नाही. घास घशाशी पोहोचला की श्वास क्षणभर थांबतो, कंठ वर उचलला जातो, श्वासनलिकेवर झाकण पडते आणि अन्न मागच्या वाटेने अन्ननलिकेत उतरते. हे सारे सुमारे एका सेकंदात उरकते. अर्धांगाचा झटका, कंपवात, घशाचा कर्करोग किंवा वार्धक्य ह्यांमुळे ही शिस्त बिघडली, म्हणजे पाणी अथवा पेज भलत्या वाटेने फुप्फुसाकडे वळते. अशा रोग्यास इस्पितळात नेले असता डॉक्टर पुष्कळदा एक तपासणी सुचवितात: खडू कालवल्यासारखे पांढरे औषध पाजावयाचे आणि ते गिळताना क्ष-किरणांनी घशाचे हलते चित्र घ्यावयाचे. हे ऐकताच घरातली माणसे विचारतात, ज्याला मुळातच ठसका लागतो त्याला हे पाजले आणि तेच फुप्फुसात गेले तर?

शंका रास्त आहे. अडाणीपणाची म्हणून ती कोणी झिडकारू नये.

त्या पांढऱ्या औषधाचे नाव बेरियम सल्फेट. रॉन्टजेन ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि पुढल्याच वर्षी अमेरिकेतील वॉल्टर कॅनन ह्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने जनावरांच्या गिळण्याचे निरीक्षण त्या किरणांनी आरंभिले. त्या काळी अन्नात बिस्मथ मिसळीत. १९१० च्या सुमारास त्याची जागा बेरियमने घेतली. बेरियमचे काही क्षार विषारी आहेत, एक तर उंदीर मारण्यास वापरीत. परंतु हा क्षार पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो अंगात न भिनता शौचावाटे निघून जातो.

आता तो फुप्फुसात गेला तर काय? थोडासा गेला तर बहुधा खोकल्याने बाहेर येतो आणि अपाय होत नाही. पुष्कळ गेला, आणि रोगी वृद्ध, क्षीण, खोकण्याचेही बळ नसलेला असला, तर मात्र श्वास कोंडतो, सूज येते. क्वचित प्राणावरही बेतते. म्हणूनच ठसक्याच्या रोग्यास पेलाभर औषध एकदम देत नाहीत. त्यास ताठ बसवून चमचा-दोन चमच्यांपासून प्रारंभ करितात. पातळ, दाट, मऊ असे निरनिराळे घास देऊन पाहतात आणि धोका दिसताच थांबतात. अमेरिकेतील जेरी लोगमन ह्या विदुषीने ही पद्धत रूढ केली. तिचा ह्या विषयावरील ग्रंथ १९८३ साली निघाला. अशा तपासणीत थेंबभर औषध स्वरतंतूंच्या खाली उतरलेले दिसले, तर लगेच तो डॉक्टरांचा हलगर्जीपणा समजू नये. तेच पाहण्यासाठी तर सारा खटाटोप! मग हनुवटी छातीकडे झुकवून गिळल्यास काय होते, दाट केलेले पेय चालते का, हेही तिथल्या तिथे पडताळता येते.

आम्हांस अधिक भय वाटते ते ठसका न लागणाऱ्या रोग्याचे. घशाची संवेदना बधिर झाली म्हणजे पाणी श्वासनलिकेत उतरते आणि माणूस खोकतही नाही. घरचे म्हणतात, “आजोबा अगदी निमूट पितात.” पण जेवणानंतर आवाज ओला, घरघरता होतो, वारंवार ताप येतो, छाती भरते. आजाऱ्याच्या भेटीस गेलो असता पडल्या पडल्याच त्याच्या तोंडात पेज ओतताना आम्ही किती तरी घरांत पाहतो. माया खरी, पण रीत घातक.

तपासणीपूर्वी ह्या सर्व गोष्टी डॉक्टरांस सांगितल्याच पाहिजेत. लाजून किंवा घाईने दडवू नयेत. कारण औषध कोणते द्यावयाचे हेही त्यावर ठरते. बेरियमऐवजी आयोडीन असलेले पाण्यासारखे औषधही असते. अन्ननलिकेला छिद्र पडल्याचा संशय असला तर बहुधा तेच देतात, कारण बेरियम छातीच्या पोकळीत सांडल्यास मोठा दाह होतो. परंतु त्यातील जुना, तीव्र प्रकार फुप्फुसात गेला तर शरीरातील पाणी तिथे ओढून घेतो आणि फुप्फुसे भरून येतात. ठसक्याच्या रोग्यास म्हणून तो टाळतात. गरज पडल्यास आयोडीनचाच नवा, सौम्य प्रकार देतात. ही निवड डॉक्टरांची, पण तिचा आधार घरच्यांनी दिलेली माहिती.

घरी परतल्यावर दोन-चार दिवस लक्ष ठेवावे. धाप, ताप किंवा न थांबणारा खोकला दिसल्यास रोग्यास तत्काळ इस्पितळात न्यावे. शौच पांढरट झाले तर घाबरू नये. बद्धकोष्ठ झाल्यास मात्र डॉक्टरांस विचारावे. आणि तपासणीचे कागद जपून ठेवावेत. फुप्फुसात राहून गेलेले बेरियम पुढे वर्षानुवर्षे छातीच्या क्ष-किरण चित्रात पांढरे ठिपके होऊन दिसू शकते, आणि नव्या डॉक्टरांस ते कशाचे, हे त्या कागदावाचून उमगणे कठीण जाते.