पालकांची रजा

मजुरी किंवा नोकरी करणाऱ्या आईबापांचे मुलांकडे लक्ष नसते, हा आरोप हल्ली फार सहज केला जातो आणि तो बहुधा आईवरच येऊन थांबतो. बापाने रात्रपाळी केली तर ते कष्ट, आईने केली तर ती हयगय, हा न्याय आम्हास मान्य नाही.

आपल्या वसतिगृहातील अनेक मुलांचे पालक दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ते पाडव्याच्या आसपास परततात. तेथे नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल आधीच खर्ची पडलेली असते. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम हिशेबात कापून घेतो. सहामाही परीक्षेचा निकाल पाहायला या आईने यावे तरी कसे? पहाटेपासून फड, संध्याकाळी कोपीवरची चूल. दुसरी पाळी तिचीच. समतेची भाषणे आपण दर १४ एप्रिलला ऐकतो, भाकरी थापण्याची पाळी मात्र अजून वाटून घेतलेली नाही.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिकाळातील लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्यास पाठिंबा दिला. हा भार मुख्यतः सरकारचा, परंतु मालकालाही त्यातून अंग काढून घेता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. त्यांच्या मजूरमंत्रिपदाच्या काळात, १९४६ मध्ये, बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. मूल वाढवणे ही एकट्या घराची खाजगी बाब नाही, हे त्यामागचे तत्त्व उसाच्या फडापर्यंत अद्याप पोहोचायचे आहे.

सिगालोवाद सुत्तात आईबापांची कर्तव्ये आहेत, ती आपण विहारात वारंवार ऐकतो. त्याच सुत्तात मालकाचीही आहेत: शक्तीप्रमाणे काम, अन्न व वेतन, आजारात शुश्रूषा आणि वेळोवेळी रजा. हा भाग सहसा कोणी वाचून दाखवत नाही.

आपले कितीतरी माजी विद्यार्थी आज अधिकारी आहेत. त्यांच्या घरी धुणीभांडी करणारी स्त्रीही कोणाची तरी पालक आहे. पालकसभेच्या दिवशी तिचा पगार कापू नये, एवढे तर त्यांच्या हाती आहे. संस्थेकडेही आमची मागणी आहे: पालकसभा गळीत हंगाम टाळून घ्यावी, आणि निमंत्रण आईइतकेच बापाच्याही नावाने जावे.