सकाळी मूठ मिटते का?

या सदराकडे येणाऱ्या निरोपांत रिपोर्टचे फोटो फार असतात. वर पॅथॉलॉजी लॅबचं नाव, खाली ठळक अक्षरांत ‘आर. ए. फॅक्टर : पॉझिटिव्ह’ आणि सोबत एका ओळीचा प्रश्न : मला संधिवात झालाय का? काय दुखतं, कधी दुखतं, सूज आहे की नाही, यातलं काही लिहिलेलं नसतं. उलट्या बाजूचेही निरोप येतात. बोटं सुजून महिने झालेत, भाकरी थापता येत नाही, पण ‘टेस्ट निगेटिव्ह आली, म्हणजे वात नाही, असं सांगितलं.’ दोन्हीकडे घोटाळा एकच. आजार बसलाय हातापायांच्या सांध्यांत आणि शोध चाललाय कागदावर.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे बहुतेक जण ज्याला आमवात म्हणतात तो आजार, म्हातारपणाची झीज नव्हे. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू शेजारची कूर्चा आणि हाड कुरतडायला लागतं. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन-तीन पट जास्त होतो, आणि सुरुवात बरेचदा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान होते. म्हणजे नोकरी, मुलांची दहावी-बारावी आणि सासू-सासऱ्यांचं आजारपण एकदम अंगावर असतं, नेमक्या त्या वयात. मग पहिलं निदान घरातच होतं : ‘दमलीस, दुसरं काही नाही.’ दुसरं शेजारी होतं : ‘कॅल्शियम कमी झालं असेल.’ तिसरं, थोड्या मोठ्या वयाच्या बाईला हमखास मिळणारं : ‘पाळी जायच्या वेळी असंच होतं.’ या तीन निदानांत सहा महिने सहज जातात.

आजार मात्र स्वतःची ओळख बऱ्यापैकी स्पष्ट देतो, ऐकणारं कुणी हवं. सकाळी उठल्यावर मूठ मिटत नाही. सांडशीची पकड बसत नाही, धुणं पिळता येत नाही, बांगड्या चढत नाहीत. पायाच्या बोटांच्या मुळाशी सूज येते, जोडवी रुततात, आणि पलंगावरून उतरून टाकलेली पहिली पावलं खड्यांवर पडल्यासारखी वाटतात. हा ताठरपणा पाच-दहा मिनिटांत जात नाही. तास, दोन तास टिकतो. हालचाल सुरू झाली की सांधे सैल होत जातात. त्यामुळे दिवसभराचं आवरून बाई संध्याकाळच्या ओपीडीत नंबर लावून बसते, तोवर तिचा हात बऱ्यापैकी हलायला लागलेला असतो. डॉक्टर म्हणतात, ‘मूठ मिटा बघू,’ आणि ती मिटते! सकाळी काय होतं हे त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही, तर वेदनाशामक गोळ्यांच्या चिठ्ठीपलीकडे गोष्ट जात नाही.

आपल्या आईच्या-आजीच्या गुडघ्यांत असते ती झीज याच्या नेमकी उलट वागते. सांधा वापरला की दुखतो, बसलं की बरं वाटतं, आणि सकाळचा आखडलेपणा फार तर अर्ध्या तासाचा. बोटांतली झीज नखाजवळच्या सांध्यावर कडक गाठी आणते. आमवात बहुधा तो सांधा सोडून देतो आणि बोटांचा मधला सांधा, बोटांचं मूळ आणि मनगट धरतो, तेही बरेचदा दोन्ही हातांचं. तिथली सूज दाबली की कडक नाही, मऊ लागते. कंबरदुखी हे त्याचं लक्षण सहसा नसतं. हाताच्या बोटांची मुळं दोन्ही बाजूंनी हलकेच आवळली आणि रुग्ण कळवळला, तर अर्धी दिशा सापडली म्हणायची. या तपासणीला वेळ लागतो अर्धा मिनिट आणि खर्च शून्य.

आता त्या कागदाकडे येऊ. १९४० साली एरिक वालर या नॉर्वेजियन डॉक्टरला प्रयोगशाळेत एक विचित्र गोष्ट दिसली. सशाच्या प्रतिपिंडांचा लेप दिलेल्या मेंढीच्या तांबड्या पेशींत आमवाताच्या रुग्णाच्या रक्तातला द्रव घातला, तर पेशींच्या गुठळ्या होत होत्या. १९४८ मध्ये अमेरिकेत रोझ यांनाही तेच आढळलं. आजची आर. ए. फॅक्टरची चाचणी या निरीक्षणातून आली. शोध मोठाच होता, पण रक्तातल्या या गुठळ्या करणाऱ्या घटकाचं नाव आजाराच्या नावावरून पडलं आणि लोकांनी ठरवून टाकलं की घटक सापडला म्हणजे आजार सापडला. प्रत्यक्षात हिपॅटायटिस सी, क्षयरोग, हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग अशा अनेक आजारांत हा घटक वाढतो. पूर्ण निरोगी माणसांतही, विशेषतः वय वाढलं की, तो थोड्या जणांत सापडतो. आणि खऱ्या रुग्णांपैकी वीस-तीस टक्क्यांत तो सापडतच नाही.

याचा हिशेब आपल्याच मातीतल्या आकड्यांनी करता येतो. पुणे जिल्ह्यातलं भिगवण बहुतेकांना उजनीच्या पाणलोटातल्या रोहित पक्ष्यांमुळे माहीत असतं. संधिवातावर काम करणाऱ्या जगभरच्या डॉक्टरांना ते वेगळ्याच कारणाने माहीत आहे. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने तिथे घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाचा तो भाग होता. त्यात प्रौढांमध्ये या आजाराचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं. म्हणजे हजारात पाच. आता समजा, अशा गावात हजार माणसांची सरसकट आर. ए. फॅक्टर चाचणी केली. पाच रुग्णांतले चार पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९९५ निरोगी माणसांत शंभरी पाच धरले, तर जवळपास पन्नास जण पॉझिटिव्ह येतील. हातात चौपन्न रिपोर्ट, आणि खरे रुग्ण चार. बाकीचे पन्नास जण घाबरून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणार.

चाचणी वाईट नाही. आखडलेल्या, सुजलेल्या सांध्यांच्या माणसात ती केली तर तिला वजन येतं. ‘अंग दुखतंय ना, करून टाका’ म्हणून केली तर गोंधळ वाढतो. अँटी-सीसीपी नावाची नंतर आलेली चाचणी जास्त नेमकी आहे. ती आमवात नसलेल्या माणसांत क्वचितच पॉझिटिव्ह येते. पण तीही एक तृतीयांशाच्या आसपास रुग्णांत निगेटिव्ह राहते. आणि गंमत अशी, की काही जणांत लक्षणं दिसण्याच्या कित्येक वर्षं आधीच ती पॉझिटिव्ह असते. त्या वर्षांत त्या माणसाला आजार आहे म्हणायचं की नाही, यावर तज्ज्ञांनाही विचार करावा लागतो.

‘वाताचं पॅकेज’ म्हणून गावोगावच्या लॅबमध्ये जे विकलं जातं, त्यावर माझा खरा राग आहे. त्यात युरिक ॲसिड असतं. ते जरा वाढलेलं दिसलं की डाळ, पालक, टोमॅटो बंद! वास्तविक युरिक ॲसिडचा संधिवात बहुधा पुरुषांत, एका रात्रीत, पायाचा अंगठा लालबुंद करून येतो. पाळी चालू असलेल्या बाईत तो दुर्मीळ. त्याच पॅकेजमध्ये ए. एस. ओ. असतं. ही चाचणी घशाला होऊन गेलेल्या विशिष्ट जंतुसंसर्गाची खूण सांगते आणि मुख्यतः मुलांमधल्या हृदयाला धोका करणाऱ्या संधिवाती तापात कामाची असते. चाळिशीच्या बाईच्या मनगटाच्या सुजेशी तिचा संबंध जवळपास नाही. तरी तो आकडा वाढलेला दिसला म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं घेणारी माणसं भेटतात. आजार एक, उपचार भलत्याचा.

तज्ज्ञांनी या बाबतीत काय ठरवलंय, ते पाहण्यासारखं आहे. १९८७ च्या अमेरिकी निकषांत त्वचेखालच्या गाठी आणि एक्स-रेमध्ये दिसणारी हाडांची झीज यांना जागा होती. ही दोन्ही लक्षणं उशिरा येणारी, म्हणजे निदान पक्कं होईपर्यंत नुकसान होऊन गेलेलं. म्हणून २०१० मध्ये अमेरिका आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांनी मिळून नवी गुणपद्धत आणली. पहिली अट : निदान एका सांध्याला डॉक्टरने स्वतः तपासून खात्री केलेली सूज हवी आणि तिचं दुसरं कारण सापडता कामा नये. त्यानंतर दहापैकी सहा गुण. किती आणि कोणते सांधे धरलेत, याला जास्तीत जास्त पाच. आर. ए. फॅक्टर आणि अँटी-सीसीपी मिळून जास्तीत जास्त तीन. ईएसआर किंवा सीआरपी, म्हणजे रक्तातली सुजेची मोजमापं, वाढलेली असतील तर एक. त्रास सहा आठवडे किंवा जास्त असेल तर एक. आता बेरीज करून बघा. रक्ताच्या सगळ्या चाचण्या जोरदार पॉझिटिव्ह आणि सहा आठवडे पूर्ण, तरी होतात पाचच. सांध्यांशिवाय सहावा गुण मिळतच नाही. याउलट हातापायांचे लहान सांधे धरून दहाहून अधिक सांध्यांत सूज किंवा दुखरेपणा असेल आणि सहा आठवडे झाले असतील, तर आर. ए. फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही निगेटिव्ह असूनही सहा भरतात. हे निकष मुळात संशोधनासाठी बनलेले, दवाखान्यात ते वाटाड्यासारखे वापरायचे. पण त्यांचा कल कुठे आहे, हे या बेरजेतून कळतं. (१९८७ च्या यादीतला पहिलाच निकष, सकाळचा तासभराचा ताठरपणा, नव्या यादीतून गेला, कारण तो इतर आजारांतही असतो. माझ्या मते विचारायचा पहिला प्रश्न अजूनही तोच.)

सहा आठवड्यांच्या अटीला महाराष्ट्रात खास अर्थ आहे. २००६ च्या चिकुनगुनियाच्या साथीने गावंच्या गावं वाकवली, त्यानंतरही तो अधूनमधून येत राहिला. या तापानंतर राहणारी सांधेदुखी हुबेहूब आमवातासारखी दिसू शकते : तीच बोटं, तीच मनगटं, तोच सकाळचा ताठरपणा. बहुतेकांची ती काही आठवड्यांत ओसरते, काहींची महिनोन्‌महिने रेंगाळते. म्हणून ताप कधी आला होता, घरात किंवा आळीत आणखी कुणाला आला होता का, हे डॉक्टरांना न विचारता सांगावं. मात्र ‘चिकुनगुनियाचंच आहे, जाईल’ म्हणत वर्ष काढू नये.

घाई कशासाठी, असं कुणी विचारेल. कारण हाडाची झीज पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होऊ शकते, आणि झिजलेलं हाड परत येत नाही. सुरुवातीच्या काही महिन्यांत मेथोट्रेक्सेटसारखी, आजारालाच आवर घालणारी औषधं सुरू झाली तर अनेकांचे सांधे शाबूत राहतात. आठवड्यातून एकदाच घ्यायचं मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं. घरात कुणाला ते चालू असेल तर चिठ्ठी आजच पुन्हा वाचा. सुरुवातीचा एक्स-रे पुष्कळदा नॉर्मल असतो, त्यावर निर्धास्त होऊ नका. सोनोग्राफीत अस्तराची सूज त्याआधी दिसू शकते.

निदान हुकवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे तीन दिवसांत आराम देणारी पुडी. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका तरुण रुग्णेला कॉर्टिझोन दिलं आणि ती काही दिवसांत हिंडूफिरू लागली. १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. सततच्या वापराचे दुष्परिणामही तेवढ्याच लवकर कळले. बिननावाच्या पुड्यांत आणि काढ्यांत कॉर्टिझोनच्याच जातीचं स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. आराम खरा असतो, सूजही उतरते, आणि तशा अवस्थेत तपासणाऱ्या डॉक्टरच्या हाताला काही लागत नाही. पुडी घेत असाल तर लपवू नका, आणि स्वतःहून एकदम बंदही करू नका; स्टिरॉइड अचानक तोडणं धोक्याचं असतं.

संधिवाततज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत, हे खरंच आहे. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या बाईला तिथवर पोहोचायला दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागते. म्हणून पहिली गाळणी गावातच लागायला हवी. आपल्याकडे पुढाऱ्याच्या वाढदिवसाला आरोग्य शिबिर होतंच. टाचेला यंत्र लावून हाडांची घनता मोजतात, कॅल्शियमच्या गोळ्या वाटतात, फोटो निघतात. पुढच्या शिबिरात आयोजकांनी रांगेतल्या प्रत्येक बाईला तीन प्रश्न विचारायची सोय करावी : सकाळी मूठ मिटायला किती वेळ लागतो? कोणत्या सांध्याला सूज आहे? किती आठवडे झाले? उत्तर तासाच्या आणि दीड महिन्याच्या पुढे असेल, तर तिला गोळ्यांचं पाकीट देऊन परत न पाठवता तज्ज्ञाच्या नावाची चिठ्ठी द्यावी. आणि घरच्यांनी उद्या सकाळी तिच्या सुजलेल्या हातांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. संध्याकाळच्या ओपीडीत तो लॅबच्या रिपोर्टच्या आधी दाखवायचा.