रानफुलं पाकिटात मिळत नसतात



बांधावर फुलं पाहिजेत का नकोत, यावर आता दोन पार्ट्या पडल्यात. एक पार्टी म्हणते, बांध कसा आरशासारखा साफ पाहिजे. वर्षातून दोनदा ग्लायफोसेट मारा आणि मोकळे व्हा. दुसरी पार्टी नवी आहे. ती म्हणते, रानफुलांच्या मिश्र बियांचं पाकीट आणा, बांधावर फेका, मधमाश्या येतील. मला विचाराल तर दोघंही चुकतायत. आणि दुसरी पार्टी जास्त चुकतीय, कारण ती चांगल्या नावाखाली चुकतीय.

आधी साफ बांधवाल्यांशी बोलतो. भांगलायला बाया मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, सगळं मान्य. पण हिशोब पुरा करा. उसातल्या खोडकिडीसाठी आपण ट्रायकोकार्ड आणून पानाला टाचतो. त्यातून निघणारा कीटक टाचणीच्या टोकाएवढा. तो किडीच्या अंड्यात आपली अंडी घालतो, पण त्याला स्वतःला जगायला फुलातला मध लागतो. मध मिळाला तर चार दिवस जास्त जगतो आणि जास्त काम करतो. क्रायसोपाची अन सिरफिड माशीची अळी मावा खाते, पण तीच मोठी झाली की मधावर आणि परागावर जगते. आपण करतो काय? पाहुण्याला पैसे देऊन बोलावतो आणि तो यायच्या आत चूल विझवून ठेवतो.

2002 चा लोकरी मावा विसरलात काय? महाराष्ट्रात तो पहिल्यांदा दिसला आपल्याच सांगली जिल्ह्यात. उंच उसात फवारा आत पोचत नव्हता, औषधं मारून माणसं दमली. शेवटी मावा आटोक्यात आणला तो डिफा, मायक्रोमस आणि एनकार्सिया या मित्रकिडींनी. तेव्हा मित्रकिडी हा शब्द घराघरात गेला. आज त्याच मित्रकिडीच्या बसण्याची जागा आपण जाळतोय. काकडी, दोडका, कारलं, भोपळा करणाऱ्यांना तर सांगायलाच नको. नरफूल वेगळं, मादीफूल वेगळं. मधमाशी नाही तर फळ धरत नाही, धरलं तर वाकडं. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 2022 साली देशातलं पहिलं मधाचं गाव झालं. ते नुसत्या पेट्या ठेवून झालं नाही, भोवताली फुलोरा होता म्हणून झालं.

मग बांधावर फुलं पाहिजेत हे ठरलं. आता पाकीटवाल्यांकडं येतो.

पाकीट उलटं करून आतल्या बियांची नावं वाचा. कॉसमॉस, गेलार्डिया, झिनिया, कोरिऑप्सिस अशी नावं दिसतील. ही सगळी मंडळी मूळची अमेरिका-मेक्सिकोकडची. तिकडं ती रानफुलं असतील, आपल्याकडं कशी? आपल्या भागात शेतालाच रान म्हणतात. रानफूल म्हणजे आपल्या शेताचं फूल. ते बाहेरून विकत आणलं की त्याला रानफूल म्हणायचा हक्कच संपला.

कुणी म्हणेल, फूल ते फूल, मधमाशीला काय फरक पडतोय? पडतो की. हे केशरी कॉसमॉस पुण्याच्या भोवतीच्या टेकड्यांवर आणि रस्त्याकडंला जाऊन बघा. कुणी पेरलं नाही, पाणी घातलं नाही, तरी उतारच्या उतार भरलेत. एका वर्षी झडलेलं बी दुसऱ्या वर्षी दाटून उगवतं आणि खालचं गवत, तेरडा, कवला दाबून टाकतं. फोटो झकास येतो. पण वैरण गेली.

याआधीही आपण असेच फसलोय. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या बागेत शोभेचं झुडूप म्हणून आली. आज जंगलं आणि माळ तिनं खाल्लेत. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. निळं-जांभळं फूल छान दिसतं म्हणून जगभर फिरवली, आणि आता पंचगंगेत जेसीबी लावून काढावी लागते. गाजरगवताची आपल्या देशात नोंद झाली पुण्यात, 1955 साली. ते फुलासाठी आणलं नव्हतं, पण एकदा रुळलेलं परकं झाड काय करतं, हे कळायला त्याच्याएवढा मास्तर दुसरा नाही. सत्तर वर्षं झाली, अजून उपटतोय.

आता लगेच कुणी विचारणार, झेंडू पण मेक्सिकोचाच ना? बरोबर. पण झेंडू आपण लावल्याशिवाय येत नाही. दसरा-दिवाळी झाली की संपला. तो पाहुण्यासारखा राहतो, घर बळकावत नाही. दगडी पालासुद्धा बाहेरचाच. पण तो आला, बांधावर खाली पसरून राहिला, फुलपाखरं पोसतो, खुरपं लागलं तर जखमेवर चोळायला होतो. म्हणून मी बाहेरचं सगळं उपटा म्हणत नाही. जे आलंय आणि गुण्यागोविंदानं राहतंय ते राहू दे. नवीन संकट मात्र पैसे देऊन आणू नका.

तिसरी एक हौस आहे, कासहून बी आणायची. ती पण नको. कासचं पठार 2012 पासून जागतिक वारशात आहे, तिथनं फूल-बी तोडून आणायचं नसतं. आणि आणून उपयोग तरी काय? तिथं जांभा खडक, वर वीतभरसुद्धा माती नाही, पावसाळ्यात चिंब आणि नंतर ठणठणीत कोरडं. मातीत अन्न कमी, म्हणून तिथली सीतेची आसवं किडे पकडून खाते. ते रोप आपल्या कृष्णा-वारणेमधल्या काळ्या रानात जगायचं नाही. कासकडून शिकायचं ते एवढंच की तिथं कुणी पेरणी करत नाही, खत घालत नाही. माती गरीब म्हणून गवत माजत नाही, आणि गवत माजत नाही म्हणून फुलाला जागा मिळते.

मग बी कुठलं? आपल्याच शिवारातलं. तेरडा, कुर्डू, टाकळा, तरवड, माका, गोकर्ण. माळावर, ओढ्याकडंला, पाणंदीत, जिथं औषध पोचलं नाही तिथं अजून आहे. तेरड्याची गौर आणायला पोरी पाणवठ्यावर जायच्या. आता बऱ्याच घरांत गौरीचा तेरडासुद्धा बाजारातून विकत येतो. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात खरं, पण इथं तेरडाच नाहीसा व्हायला लागलाय.

रीत सोपी आहे. तेरड्याची बोंडं फुगली की फुटायच्या आत तोडायची. हात लागला की बी उडतं, म्हणून खाली कापडी पिशवी धरायची. बाकीचं बी दसरा ते दिवाळी या दिवसांत गोळा होतं. सावलीत वाळवायचं, राख चोळून कागदात ठेवायचं. टाकळा, तरवड, गोकर्णाचं बी टणक असतं. ते पॉलिश कागदावर घासून रात्रभर भिजवलं की उगवण चांगली होते. मृगाच्या तोंडाला बांधाच्या एकाच अंगाला दोन फूट पट्टा दाताळ्यानं नुसता ओरखडायचा. बारीक बी दहापट वाळूत मिसळून फेकायचं आणि पायानं दाबायचं, खोल गाडायचं नाही. दुसरं अंग जायला-यायला मोकळं ठेवा. साप-किरडू दिसलं पाहिजे.

पट्ट्यात युरिया नको, खताचं पाणी नको. खत दिलं की गवत फुलाला गिळतं. गाजरगवत दिसलं की फुलावर यायच्या आत मुळासकट उपटा. टाकळा दाट असला की तो गाजरगवताला डोकं वर काढू देत नाही, तेवढं त्याचं काम फुकट. दिवाळीनंतर बी झडलं की एकदा कापा आणि कापलेलं बांधावर कुजवू नका, उचलून न्या. आणि पाचट पेटवू नका. त्या जाळात बांधावर पडलेलं बी भाजून निघतं.

तण शेतात येईल ही भीती मला कळते. कुर्डू येऊ शकतं, म्हणून शेताकडच्या अंगाचं कुर्डू बी धरायच्या आत कापून भाजीला किंवा जनावराला घाला. तेरडा एका कोळपणीत जातो. तरवड नांगरलेल्या रानात टिकत नाही. भेंडीचा प्लॉट असेल तर शेजारी रानभेंडी ठेवू नका, केवडा त्यातूनही येतो. म्हणजे निवड करायची. आंधळेपणानं सगळं राखायचं नाही, आंधळेपणानं सगळं मारायचंही नाही.

कृषी खात्यातले, विद्यापीठातले साहेबलोकही हे वाचतात, त्यांना हात जोडून विनंती. शिफारशीत "बांधावर फुलझाडे लावावीत" एवढंच लिहून सोडू नका. कुठली, ते तालुक्याप्रमाणं सांगा. तुम्ही जागा मोकळी सोडली की तिथं पाकीटवाला बसतो.

ज्यांना लई खर्चिक वाटतंय त्यांनी सागरेश्वरला एक चक्कर मारावी. उजाड डोंगर होता तो. धों. म. मोहिते आणि त्यांच्या बरोबरच्या माणसांनी झाडं लावून उभा केला आणि 1985 साली तो अभयारण्य झाला. आपल्याला डोंगर करायचा नाही, दोन फूट बांध करायचाय. पाकिटाचे पैसे खिशात ठेवा, यंदा दिवाळीच्या आत एक पिशवी बी गोळा करा.