सृष्टिपरिचय : वेताचे कासव

कासव म्हटले की नदी, तळे किंवा समुद्रकिनारा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु पाण्याचा आश्रय सोडून अरण्यातील पाचोळ्यातच सारे आयुष्य घालविणारे एक चिमुकले कासव आपल्या देशात आहे. केरळ, कर्नाटक व तामिळनाडू या राज्यांतील पश्चिम घाटाची दाट वने हे त्याचे घर. मल्याळम भाषेत त्याला ‘चूरल आमा’, म्हणजे वेताचे कासव, असे म्हणतात.

त्याच्या पाठीचे कवच सुमारे १३ सेंटिमीटर लांब. म्हणजे प्राणी तळहातावर सहज मावेल. कवचाचा रंग वाळल्या पानासारखा तपकिरी असून त्यावर तीन उभे कंगोरे असतात. पोटाकडील भाग पिवळसर. पिवळा जबडा आणि नाकाच्या शेंड्यावरील तांबडा ठिपका ही त्याची ठळक खूण होय. पोहण्याचे काम नसल्यामुळे बोटांमध्ये पाणकासवासारखे पडदे नाहीत. पाचोळ्यात, दगडांच्या कपारीत किंवा झाडांच्या मुळांशी ते निश्चल बसले, की शेजारून जाणाऱ्यासही त्याचा पत्ता लागत नाही. गोगलगाई, किडे व गळून पडलेली फळे हा त्याचा आहार. मादी एका वेळी साधारणतः दोनच अंडी घालते.

१९१२ साली हेंडरसन या प्राणिशास्त्रज्ञाने कोचीन संस्थानच्या अरण्यात सापडलेल्या नमुन्यांवरून या कासवाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षे ते शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडले नाही. रानात राहणाऱ्या कादर लोकांना मात्र ते ठाऊक होते. अखेर १९८२ मध्ये जे. विजया या तरुण संशोधिकेने त्यांच्याच साहाय्याने ते पुन्हा शोधून काढले. १९८७ साली ऐन तारुण्यात तिचे निधन झाले. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी या कासवासाठी स्वतंत्र प्रजाती मानून तिला ‘विजयाकेलिस’ हे नाव दिले. ‘केलिस’ म्हणजे ग्रीक भाषेत कासव.

ज्याची अंडी इतकी थोडी आणि चाल इतकी मंद, तो प्राणी तुटलेले रान सोडून दुसरीकडे जाणार तरी कसा? वृक्षतोड, वणवे आणि माणसाची शिकार यांमुळे त्याचे अस्तित्व धोक्यात आले आहे. कधी घाटातील वनात गेलात आणि पाचोळा हलताना दिसला, तर क्षणभर थांबून पाहा. पण त्याला उचलून घरी आणू नका. त्याचे घर तेथेच आहे.